साध्य आधी, सिद्धता मागून: परदेशातल्या असाइनमेंटसाठी ऑनलाइन लिखाण कसं सुधारायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.एस्सी. अॅग्री, आता नेदरलँड्सला मास्टर्सची अॅडमिशन झालीय, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बाकी सगळीकडे 7 आणि रायटिंगला 6, आणि तिकडच्या तयारीच्या ऑनलाइन मॉड्यूलमध्ये पहिलीच असाइनमेंट दिली तर शेरा आला की लिखाण वर्णनात्मक आहे, तुमचं स्वतःचं म्हणणं काय ते कळत नाही. आता हातात तीन महिने आहेत तर कुठला ऑनलाइन कोर्स करू?

मी पुण्यात 17 वर्षं हेच शिकवते, त्यातली 10 ऑनलाइन, आणि हा शेरा मी इतक्या मुलांच्या कागदांवर पाहिलाय की तुझी असाइनमेंट न उघडता पण मला अंदाज होता. तरी उघडली, पूर्ण वाचली. पहिलं वाक्य आहे, शेती हा भारताच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. दुसऱ्यात प्राचीन काळ, तिसऱ्यात हरितक्रांती, चौथ्यात वाढती लोकसंख्या, आणि डाळिंबाच्या बागेत ठिबकचं पाणी किती आणि कधी द्यावं हा जो तुझा खरा विषय, तो दुसऱ्या पानावर सुरू होतो. इंग्रजी चुकलेलं नाहीये, एक-दोन ठिकाणी ए आणि द गडबडलंय तेवढंच. म्हणजे तुझा प्रॉब्लेम ग्रामरचा नाही आणि ग्रामरचा कोर्स करून तो सुटणारही नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर.

हे असं का होतं ते नीट समजून घे कारण त्याशिवाय कुठलाच कोर्स उपयोगी पडत नाही. आपण शाळेत जो निबंध शिकलो त्याचं काम वेगळं होतं. सुरुवात प्रसन्न हवी, एखादी काव्यपंक्ती किंवा सुविचार हवा, विषयाभोवती फिरून यायचं, शेवटी वाचकाच्या मनात एक भावना उरली पाहिजे. वाचणारा शिक्षक आपल्याच गावचा, त्याला संदर्भ माहीत, तो अर्धं स्वतःच भरून घेतो. ही पद्धत वाईट नाही, तिच्यावरच आपलं ललित लेखन उभं आहे. पण तिकडचा वाचक अर्धं भरून घेत नाही. जॉन हाइंड्स नावाच्या अभ्यासकाने 1987 मध्ये जपानी आणि इंग्रजी लिखाणाची तुलना करताना हा फरक फार छान मांडला होता, की काही भाषांत अर्थ लावायची जबाबदारी वाचकावर असते आणि इंग्रजीत ती लिहिणाऱ्यावर असते. तू जबाबदारी वाचकावर टाकलीस, त्याने ती घेतली नाही, बस इतकंच झालंय.

आणि यात कमीपणा काही नाही. 1966 मध्ये रॉबर्ट काप्लान या भाषेच्या अभ्यासकाने वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक इंग्रजीत परिच्छेद कसे लिहितात याची चित्रंच काढली होती, इंग्रजीची सरळ रेष आणि पूर्वेकडच्यांचं गोल गोल फिरत आत जाणं. त्यावर पुढे खूप टीका झाली आणि ती बरोबरच होती, कारण त्यात इंग्रजी सरळ आणि बाकी सगळे वाकडे असा सूर होता. युरोपातले लोकही काही एका साच्यात लिहीत नाहीत. मायकेल क्लाइनने 1987 मध्ये दाखवलं की जर्मन विद्वान मूळ मुद्दा सोडून आडवळणाने जातात आणि त्यांच्याकडे ते चालतं, आना माउरानेनने 1993 मध्ये फिनिश आणि इंग्रजी अर्थशास्त्रज्ञांची तुलना केली तर फिनिश लोक "आता मी हे सांगणार आहे, आत्ता हे सांगितलं" अशी वाक्यं कितीतरी कमी लिहितात असं दिसलं. म्हणजे तू ज्या वर्गात जाऊन बसणार आहेस तिथले निम्मे लोक तुझ्यासारखेच दुसऱ्याच्या घरची रीत शिकत असणार.

आता मुख्य गोष्ट. तुला ही रीत ऑलरेडी येते, फक्त ती निबंधाच्या वहीत नव्हती, भूमितीच्या वहीत होती. आठव, पक्ष, साध्य, सिद्धता. आधी काय दिलंय ते, मग काय सिद्ध करायचंय ते एका ओळीत, आणि मग एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीच्या उजवीकडे टिंबं टिंबं करून कंसात कारण, सामाईक बाजू, व्युत्क्रम कोन, बाकोबा कसोटी. कारण लिहिलं नाही तर मार्क कापले जायचे, उत्तर बरोबर असलं तरी. तिकडच्या असाइनमेंटचा सांगाडा बरोब्बर हाच आहे. साध्य म्हणजे तुझं म्हणणं, ते पहिल्या पॅरामध्ये. पायऱ्या म्हणजे पॅराग्राफ. आणि कंसातलं कारण म्हणजे सायटेशन, हे कुठून घेतलं त्याचा संदर्भ. मी मुलांना हे सांगितलं की दहातल्या सात जणांचा चेहरा स्क्रीनवरसुद्धा बदलतो. सायटेशन म्हणजे काहीतरी परकी औपचारिकता वाटत असते, आणि अचानक कळतं की अरे हे तर आपण नववीपासून करतोय. (आपल्या न्यायदर्शनातल्या, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातल्या, पाच अवयवांच्या वाक्यातही प्रतिज्ञा, म्हणजे म्हणणं, पहिली येते, हेतू म्हणजे कारण आणि उदाहरण नंतर, तेव्हा हे सगळं तिकडूनच आलंय असंही समजू नकोस.)

तुझ्या विषयात साध्य कसं दिसेल? "ठिबक सिंचनाचे महत्त्व" हे साध्य नाही, ते शीर्षक झालं. "हलक्या जमिनीतल्या डाळिंबाला ठरावीक दिवसांनी पाणी देण्यापेक्षा मातीतला ओलावा मोजून पाणी दिलं तर पाणी वाचतं आणि उत्पन्न घटत नाही" हे साध्य. कारण यावर कोणी नाही म्हणू शकतो. ज्यावर कोणी नाही म्हणूच शकत नाही ते वर्णन, आणि तेच वर्णनात्मक या शेऱ्याचा अर्थ आहे.

एका जागी मात्र भूमिती सोडावी लागते. भूमितीत शेवटी सिद्ध झालं असं लिहितो, शेतावरच्या प्रयोगात तसं लिहायचं नाही. एका हंगामात तीन प्लॉटवर जे दिसलं त्याने काही सिद्ध होत नाही, त्यावरून तसं दिसतं, तसं वाटतं, तशी शक्यता आहे एवढंच. आपली मुलं प्रूव्ह आणि क्लिअरली हे शब्द सढळ हाताने वापरतात कारण ठाम बोलणं म्हणजे अभ्यास झालाय असं आपल्याला शिकवलेलं असतं, आणि तिकडचा वाचक नेमका तिथेच संशय घेतो. सजेस्ट, अपिअर, मे ही क्रियापदं हाताला लावून घे.

प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स या अभ्यासकाचा 1990 मधला साचा वापर, तीन पावलांचा आहे. या रानात आधी काय काय पेरलंय, कुठला तुकडा पडीक राहिलाय, आणि मी तिथे काय करणार. तुझ्या विषयातले पाच पेपर घे, त्यांच्या प्रस्तावनेत ही तीन पावलं तीन रंगांनी रंगव, एक संध्याकाळ जाईल. पण यानंतर तू शेतीच्या कण्यापासून सुरुवात करणार नाहीस हे मी लिहून देते.

आता कोर्सबद्दल. मोठमोठ्या प्लॅटफॉर्मवर अॅकॅडेमिक रायटिंगचे चांगले कोर्स आहेत, सरकारच्या 'स्वयम्' या प्लॅटफॉर्मवर आहेत, कोर्सेरावर स्टॅनफर्डचा सायन्समधल्या लिखाणाचा आहे, तो तुझ्यासाठी खरंच चांगला कारण त्यात वाक्यं कशी कापायची ते हाताने करून दाखवलंय. पण एक आकडा लक्षात ठेव, एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सेसचा डेटा तपासला गेला तेव्हा 2017-18 मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी साधारण 3 टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला होता. मुलं आळशी असतात म्हणून नाही, तर व्हिडिओ बघणं हे लिहिणं नाही म्हणून. पोहण्याचे व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारता येत नाही. म्हणून माझा हिशोब असा की आठवड्याला तुझ्याकडे सहा तास असतील तर कोर्सला एक तास, बाकी पाच तास लिहिणं, वाचणं आणि दुसऱ्याचं तपासणं. आणि आयईएलटीएसची तयारी आता पूर्ण बंद कर. 40 मिनिटांत 250 शब्द, कुठलाही संदर्भ न देता मनानेच मत मांडायचं, ही सवय तिकडे उलट नडते.

दुसऱ्याचं तपासणं हे मी मुद्दाम म्हटलंय. अमेरिकेत लंडस्ट्रॉम आणि बेकर या दोघींनी 2009 मध्ये एक प्रयोग छापला, इंग्रजी शिकणाऱ्या 91 विद्यार्थ्यांपैकी काहींनी फक्त दुसऱ्यांच्या लिखाणावर अभिप्राय द्यायचा, काहींनी फक्त घ्यायचा, आणि सत्राअखेर ज्यांनी दिला त्यांचं स्वतःचं लिखाण जास्त सुधारलं, त्यातही कच्च्या गटातल्यांचं विशेष. माझा अनुभव शंभर टक्के हाच आहे. एका बॅचला मी आमच्या चार मुलांना ऑनलाइनच एक व्हिएतनामी मुलगा, एक ब्राझीलची मुलगी आणि एक पोलिश मुलगी यांच्याबरोबर जोडून दिलं, सगळ्यांचं इंग्रजी आपल्यासारखंच शिकलेलं. बीडकडचा एक मुलगा होता, अतिशय हुशार पण पानंच्या पानं लिहायचा आणि मुद्दा शेवटी. त्याच्या वाट्याला त्या व्हिएतनामी मुलाचा ड्राफ्ट आला, त्यातही मुद्दा शेवटच्या पॅरात. आमच्या मुलाने कॉमेंट टाकली की तू कुठे चाललायस ते मला शेवटपर्यंत कळलंच नाही. आणि रात्री साडेदहाला त्याचा मला फोन, मॅडम, तुम्ही मला सहा महिने हेच सांगताय ना? मी सहा महिने सांगून जे झालं नाही ते दुसऱ्याचा कागद वाचून एका संध्याकाळी झालं. कारण स्वतःचं वाचताना मधल्या गाळलेल्या जागा आपलं डोकं आपोआप भरतं, परक्याचं वाचताना भरत नाही, आणि तो परका आपल्या संस्कृतीतला नसला तर अजिबातच भरत नाही. हीच ऑनलाइनची खरी किंमत आहे बघ, लेक्चर नव्हे. लेक्चर पुण्यातही मिळतं, पण तुझा ड्राफ्ट वाचून "ठिबक म्हणजे काय, मला माहीत नाही" म्हणणारा माणूस पुण्यात मिळत नाही.

तर तुझ्या कोर्सला अॅडमिशन झालेल्यांचा ग्रुप असेलच, तिथे तीन जण शोध, एकही मराठी नको, शक्यतो भारतीयही नको. दर शनिवारी प्रत्येकाने 400 शब्द गूगल डॉक्समध्ये टाकायचे आणि वाचणाऱ्याने पहिल्या फेरीत ग्रामरला हातही लावायचा नाही, हा नियम कडक पाळा, नाहीतर सगळे ए आणि द दुरुस्त करत बसतात कारण ते सोपं असतं. वाचणाऱ्याने फक्त एवढंच करायचं, लेखकाचं म्हणणं ज्या वाक्यात आहे असं वाटतं त्याला रंग द्यायचा, जिथे वाट चुकली तिथे लिहायचं, आणि जिथे "हे तुला कसं माहीत?" असं मनात आलं तिथे तसंच विचारायचं. रंग दिलेलं वाक्य तुझ्या मनातलं साध्य नसेल तर पुन्हा लिही.

अभिप्राय वाचण्याचीही एक भाषा असते, तीही शिकावी लागते. परभणीकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीला इंग्लंडमधल्या गाइडने ड्राफ्टवर लिहिलं, या भागाचा पुन्हा विचार करावासा वाटेल कदाचित. तिने विचार केला, तिला वाटलं आहे ते ठीक आहे, तसंच ठेवलं आणि त्या भागाचे मार्क गेले. तिथे ते सांगणं होतं, सुचवणं नव्हतं. डच शिक्षकांकडे शिकलेली माझी मुलं याच्या उलट सांगतात, सरळ लिहितात की हा भाग चालणार नाही, आणि आपल्या मुलांना दोन दिवस जेवण जात नाही, वाटतं सर रागावले. रागावलेले नसतात. त्याला उत्तर म्हणून माफी मागणारी लांबलचक मेल पाठवू नकोस, रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल वगैरे, फक्त काय बदललं ते दोन ओळींत कळव.

आता जो विषय मुलं विचारायला लाजतात, उतरवणं. आपल्याकडे पुस्तकातल्यासारखं लिही ही शाबासकी होती, गाइडमधलं उत्तर शब्दन्‌शब्द आलं तर पैकीच्या पैकी. त्यामुळे पेपरमधलं वाक्य घेऊन चार शब्द बदलणं हे आपल्याला अभ्यास वाटतं, चोरी वाटत नाही. आणि इथल्या विद्यापीठांत यूजीसीच्या 2018 च्या नियमांमुळे सगळ्यांच्या तोंडी दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्के साम्य हा आकडा बसलाय, 10 च्या आत आलं म्हणजे झालं. तिकडे या भरवशावर राहू नकोस, एकच परिच्छेद असा चार शब्द बदलून घेतलेला सापडला तरी बोलावणं येऊ शकतं, टक्का कितीही असो.

यावर मी जो उपाय देते तो ऐकायला साधा आहे. पेपरचा एक भाग वाच, टॅब बंद कर, फोन उचल आणि आपल्या एखाद्या मित्राला, शेतकरी मित्र असला तर उत्तमच, मराठीत व्हॉइस नोट पाठव की यात काय म्हटलंय आणि ते मला पटलं का. दीड-दोन मिनिटं. मग ती स्वतःची नोट ऐकत ऐकत इंग्रजीत लिही. मूळ वाक्य समोर नसल्यामुळे त्याची छाया पडत नाही, आणि मराठीत बोलताना तू आपोआप मत देतोस, "हे ठीक आहे पण त्यांची जमीन काळी भारी होती, आपल्याकडे मुरमाड", हे जे पण आहे ना, तेच तुझ्या इंग्रजी ड्राफ्टमध्ये कुठेच नव्हतं. टीकात्मक विचार जमत नाही असं तुला सांगितलं गेलंय, मला तसं वाटत नाही, तो तुझ्याकडे मराठीत आहे, तिथून फक्त उचलून आणायचाय. लिहून झाल्यावर टॅब उघडून आकडे आणि नाव तपास, आणि सायटेशन लगेच टाक, नंतर टाकू म्हटलं की राहतं.

शब्दांचं बोलायचं तर मराठीचे काही ठसे सगळ्यांच्याच इंग्रजीत दिसतात. जरी-तरी असं जोडीने म्हणायची सवय म्हणून ऑल्दो लिहिलं की पुढे बट येतंच. पुरावा-पुरावे म्हणून एव्हिडन्सेस. च लावायची सवय म्हणून ओन्ली भलत्या जागी. गेलो होतो, केलं होतं यामुळे जिथे साधा भूतकाळ हवा तिथे हॅड. विषयी चर्चा करणं म्हणून डिस्कस अबाउट. आणि तुझ्या असाइनमेंटमधलं, खत दिलं, पाणी दिलं याचं तसंच्या तसं गिव्हन. शेतीच्या पेपरमध्ये फर्टिलायझरला अप्लाय लागतं. हे नियम पाठ करून येत नाही, बघून बघून येतं. स्केल (SkELL) नावाची फुकट साइट आहे, स्केच इंजिनवाल्यांची, लॉगिन लागत नाही, तिथे फर्टिलायझर टाक, त्याच्याबरोबर कुठली क्रियापदं येतात ते ढीगभर उदाहरणांसकट दिसतं. मिशिगन विद्यापीठाचा मिकस्प (MICUSP) नावाचा संग्रह पण फुकट आहे, त्यात विद्यार्थ्यांचेच ए ग्रेड मिळालेले पेपर आहेत, प्राध्यापकांच्या पेपरपेक्षा मला ते जास्त उपयोगी वाटतात कारण तुला उद्या तेच लिहायचंय. मँचेस्टर विद्यापीठाची फ्रेजबँक आहे, संदर्भ कसा द्यावा, मतभेद कसा दाखवावा याची तयार वाक्यं, ती सांगाडे म्हणून घे, पण एका पॅरात दोनपेक्षा जास्त नको, नाहीतर लिखाण सरकारी पत्रासारखं होतं.

एआयबद्दल तू विचारलं नाहीस पण वापरत असणारच. आधी तुझ्या विद्यापीठाचा आणि त्या त्या विषयाचा नियम वाच, दोन्ही वेगळे असू शकतात. परवानगी असेल तर त्याला लेखक करू नकोस, वाचक कर. ड्राफ्ट दे आणि विचार, प्रत्येक पॅरामध्ये माझं म्हणणं एका वाक्यात सांग. त्याला जे सापडलं नाही ते तू लिहिलेलंच नाहीस. पण "सुधारून दे" म्हटलंस की ते गुळगुळीत वाक्यं देतं, तू ती ठेवतोस, आणि तीन महिन्यांनी तुझं लिखाण जिथल्या तिथे. शिवाय एआय ओळखणारी जी सॉफ्टवेअर आहेत ती परभाषेत लिहिणाऱ्यांवर अन्याय करतात, स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे माणसांनी लिहिलेले 91 निबंध अशा सात सॉफ्टवेअरमधून घातले तर सरासरी 61 टक्के वेळा ते मशीनचे ठरले. म्हणून गूगल डॉक्समध्येच लिही, पहिल्या ओळीपासून, म्हणजे व्हर्जन हिस्टरी, कधी काय लिहिलं त्याची नोंद, तुझ्या बाजूने साक्ष देईल. दुसरीकडे लिहून पेस्ट करू नकोस.

या आठवड्यात फक्त एवढंच कर. जुनी असाइनमेंट उघड, पहिलं दीड पान काप, एका वाक्यात साध्य लिही, आणि उरलेल्या प्रत्येक पॅराच्या उजवीकडे समासात कंस काढून त्यात कारण लिही. जिथे कंस रिकामा राहील तिथे पेपर शोधायचा, नाही सापडला तर तो पॅरा काढून टाकायचा. मग तो ड्राफ्ट त्या तिघांना पाठव. आणि सप्टेंबरमध्ये तिकडे पोचलास की विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरची वेळ पहिल्याच आठवड्यात बुक कर, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन घेता येते, जाताना "माझं इंग्लिश चेक करा" असं म्हणू नकोस, ते करत नाहीत, "तिसऱ्या पॅरातून चौथ्या पॅरात मी कसा गेलो ते तुम्हाला कळलं का" असं विचार.